एका तुकड्यात तेरा ग्रॅम: मधुमेहींसाठी कॉर्नब्रेड आणि वजन उतरवणाऱ्या आहारपद्धतींचा हिशेब

किराणा दुकानात 'कॉर्नफ्लोर' मागितलंत तर हातात पडते ती पांढरीशुभ्र, बोटांत चुरचुरणारी पूड. तो मक्याचा निव्वळ स्टार्च, मंचाव सूप दाट करायला ठीक. त्याचा ब्रेड होत नाही आणि मधुमेह असलेल्या माणसाने तर त्याच्या वाटेला जाऊच नये. आपल्याला हवं आहे मक्याचं पीठ, तेही पिवळं आणि भरड. गिरणीत दळून आणणार असाल तर सांगायचं, 'भाकरीच्या पिठापेक्षा जाड, इडलीच्या रव्यापेक्षा बारीक.' तयार मिळणारं पीठ फारच बारीक असेल तर निम्मं ते आणि निम्मा मक्याचा रवा. दळण जितकं बारीक तितकी त्याची साखर रक्तात लवकर उतरते, म्हणून भरडपणाचा आग्रह केवळ चवीसाठी नाही. अमेरिकेत राहणाऱ्यांनी पाकिटावर 'होल ग्रेन' आहे का ते बघावं. 'डीजर्मिनेटेड' लिहिलेलं असेल तर मक्याचा कोंब आणि बराचसा तंतू आधीच गेलेला असतो.

कॉर्नब्रेड हा मूळ अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांचा पदार्थ, आणि मका तिथल्या मूळ रहिवाशांचा. त्यात दोन घराणी आहेत. उत्तरेकडचा कॉर्नब्रेड गोड असतो, निम्मा मैदा घातलेला, जवळजवळ केकच. दक्षिणेतले जुने लोक मात्र त्यात साखर घालणं म्हणजे भ्रष्टाचार समजतात: मक्याचं पीठ, ताक, अंडं, मीठ आणि तापलेली बिडाची कढई, बस्स. मधुमेहींसाठी कॉर्नब्रेड शोधणारी मंडळी बहुतेक वेळा गोड घराण्याची कृती घेतात आणि तिच्यात साखरेऐवजी काय घालावं यावर डोकं आपटतात. त्यापेक्षा सरळ दुसऱ्या घराण्यात जावं. तिथे साखर नाहीच, तर पर्याय कशाला शोधायचा?

आधी आकडे

मक्याच्या पिठात शंभर ग्रॅममागे साधारण ७५ ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे ज्वारी-गव्हापेक्षा फार वेगळं काही नाही. 'मक्याचं आहे, ग्लुटेन नाही, म्हणजे साखर वाढणार नाही' हा समज काढून टाका. ग्लुटेन म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, त्याचा आणि रक्तातल्या साखरेचा काही संबंध नाही.

गोड कृतीत एक कप मक्याचं पीठ, एक कप मैदा, अर्धा कप साखर आणि एक कप दूध जातं. त्याचे आठ तुकडे केले तर एकेका तुकड्यात चाळीस ग्रॅमच्या घरात कर्बोदकं येतात. खाली दिलेल्या कृतीत ती तुकड्यामागे तेरा आहेत. फरक पडतो तो दोन गोष्टींनी: साखर आणि मैदा गेले, आणि मक्याचा काही वाटा बदामाच्या पुडीने घेतला. बदामात शंभर ग्रॅममागे वीसेक ग्रॅमच कर्बोदकं, त्यातलाही निम्मा भाग तंतू.

साहित्य (आठ तुकड्यांसाठी)

- मक्याचं भरड पीठ १०० ग्रॅम
- बदामाची पूड ८० ग्रॅम
- जवस, भाजून कुटलेले, १५ ग्रॅम (दोन मोठे चमचे)
- दही १५० ग्रॅम, आणि ५० मिली पाणी
- अंडी २
- तूप किंवा तेल ३० ग्रॅम
- बेकिंग पावडर दीड लहान चमचा, खायचा सोडा पाव लहान चमचा
- मीठ पाऊण लहान चमचा
- हवी तर हिरवी मिरची, कोथिंबीर, चिमूटभर ओवा

पीठ आणि बदाम वजनकाट्यावर मोजा, वाटीने नको. वाटी दाबून भरली की सैल यावर वीस-पंचवीस ग्रॅम सहज इकडेतिकडे होतात, आणि इथे सगळा खेळच ग्रॅमचा आहे.

बदाम महाग वाटत असतील तर शेंगदाण्याचं कूट घ्या. हलके भाजा, सालं काढा आणि थोडं मक्याचं पीठ मिसळून मिक्सर थांबत थांबत फिरवा, नाहीतर तेल सुटून गोळा होतो. कर्बोदकांचा हिशेब जवळपास तोच राहतो, प्रथिनं थोडी वाढतात. चव मात्र उपासाच्या पदार्थाकडे झुकते. मला ती आवडते, घरात सगळ्यांना आवडेलच असं नाही.

कृती

दही आणि पाणी घुसळून घट्टसर ताक करा आणि त्यात मक्याचं पीठ वीस मिनिटं भिजू द्या. ही पायरी टाळू नका. भरड पीठ कोरडंच भट्टीत गेलं तर ब्रेड दाताखाली कचकचतो, आणि मग लोक 'मक्याचं असंच लागतं' म्हणून सोडून देतात.

पीठ भिजतंय तोवर ओटीजी २०० अंशांवर लावा. वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू ठेवा आणि बिडाची कढई किंवा आठ इंची जाड बुडाचा टिन आतच ठेवून पंधरा मिनिटं तापू द्या. बिडाचं भांडं असेल तर उत्तम. खालून येणारा खरपूस पापुद्रा त्याशिवाय नीट येत नाही.

बदामाची पूड, जवस, मीठ, बेकिंग पावडर आणि सोडा वेगळ्या भांड्यात कोरडेच एकत्र करा. गाठी बोटांनी मोडा. भिजलेल्या मक्यात फेटलेली अंडी आणि दोन-तृतीयांश तूप घाला, मिरची-कोथिंबीर घाला, आणि अगदी शेवटी कोरडं मिश्रण. सोड्याला ताकाचा आंबटपणा लागला की बुडबुडे लगेच सुरू होतात, तेव्हा इथून पुढे वेळ घालवायचा नाही. मिश्रण सरसरीत हवं, भज्यांच्या पिठापेक्षा किंचित पातळ.

कढई जाड कापडाने धरून बाहेर काढा, उरलेलं तूप तिच्यात फिरवा आणि मिश्रण ओता. चर्र आवाज यायला हवा. नाही आला तर कढई पुरेशी तापलेली नाही, ब्रेड खाली चिकटण्याची तयारी ठेवा.

२०० अंशांवर वीस ते पंचवीस मिनिटं. बदाम लवकर तांबूस होतात, म्हणून पंधराव्या मिनिटाला एकदा डोकवा. वरून रंग फार चढला असेल तर फॉइल टाका. कडा भांड्यापासून सुटल्या आणि मध्यभागी खुपसलेली सुरी कोरडी निघाली की झालं. मग पंधरा मिनिटं हातही लावायचा नाही. यात ग्लुटेन नसल्यामुळे गरम असताना कापला तर ब्रेडचा भुगा होतो. निवताना तो स्वतःला धरतो.

ओटीजी नसेल तर जाड बुडाच्या पॅनमध्ये, झाकण ठेवून, मंद गॅसवर करता येतो. गुजराती हांडवा करतात तसं समजा. पॅनखाली जुना तवा ठेवा. एका बाजूने बारा-पंधरा मिनिटं, मग ताटलीवर सरकवून उलटा आणि दुसरी बाजू. अलगद उलटा, मोडण्याचा धोका आहे.

अंडं न खाणाऱ्यांसाठी: जवस १५ऐवजी ३० ग्रॅम घ्या, सगळेच ९० मिली गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून लगदा करा, आणि कोरड्या मिश्रणात २० ग्रॅम बेसन वाढवा. ब्रेड जरा बसका होतो आणि तुकड्यामागे कर्बोदकं तेरावरून पंधरावर जातात. मक्याचे ताजे दाणे घालायचा मोह होतो, तर मूठभर, म्हणजे ७५ ग्रॅम स्वीट कॉर्नने तुकड्यामागे पावणेदोन ग्रॅम वाढतात. चालेल, फक्त मोजा.

गोडच हवा असं कुणी म्हणालं तर गूळ आणि मध हे उत्तर नाही. रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने ती साखरच. स्टीव्हिया चिमूटभर चालतो. एरिथ्रिटॉल या साखरेच्या दुसऱ्या पर्यायाबद्दल २०२३ साली एका अभ्यासात रक्तातलं त्याचं प्रमाण आणि हृदयविकार यांचा संबंध दिसला. त्यातून कारण सिद्ध होत नाही, पण ज्याला आधीच हृदयाचा त्रास आहे त्याने रोज चमचे भरून का घालावा, हा प्रश्न उरतोच.

फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो. उन्हाळ्यात ओट्यावर ठेवू नका. जास्त दिवसांसाठी एकेक तुकडा वेगळा गुंडाळून फ्रीजरमध्ये, आणि खाताना तव्यावर झाकण ठेवून गरम. वेगळा गुंडाळण्याचा दुसरा फायदाही आहे: एक काढला की एकच निघतो.

ताटात कुठे ठेवायचा

एका तुकड्यात साधारण १७५ कॅलरी, साडेपाच ग्रॅम प्रथिनं, दोन-सव्वादोन ग्रॅम तंतू. तीस-पस्तीस ग्रॅम पिठाच्या पोळीत कर्बोदकं वीस-पंचवीस ग्रॅम असतात, पन्नास ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत पस्तीसच्या आसपास. म्हणजे साखरेच्या हिशेबाने एका भाकरीच्या जागी या ब्रेडचे दोन तुकडे आरामात बसतात. पण कॅलरींच्या हिशेबाने? दोन तुकडे म्हणजे साडेतीनशे, आणि तूप न लावलेली ती भाकरी पावणेदोनशेच्या आसपास. बदाम आणि तूप साखर वाढवत नाहीत, वजन मात्र वाढवू शकतात. 'डायबेटिक फ्रेंडली' असं लिहिलेल्या बहुतेक पदार्थांत हीच गोम असते, आणि पाकिटावर ती कुणी लिहीत नाही.

म्हणून एक तुकडा, आणि उरलेलं ताट भाजी-उसळीने भरायचं. अमेरिकेच्या दक्षिणेत कॉर्नब्रेडबरोबर चवळी आणि कोलार्डची पालेभाजी खातात, नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी तर हटकून. चवळीची उसळ आपल्या घरात आहेच, कोलार्डच्या जागी माठ, मेथी, चाकवत, जे मिळेल ते. उसळीतही कर्बोदकं आहेत (शिजलेल्या चवळीत शंभर ग्रॅमला वीसेक), पण तंतू भरपूर असल्याने ती सावकाश उतरतात. तिकडे उरलेला कॉर्नब्रेड ताकात कुस्करूनही खातात. भाकरीचा काला खाल्लेल्याला हे समजावून सांगायला नको.

तुमच्या शरीराला तो कसा मानवतो हे ग्लुकोमीटरलाच विचारा. जेवणाआधी एकदा मोजा, आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी पुन्हा. एक दिवस ब्रेडचा एक तुकडा, दुसऱ्या दिवशी तेवढ्याच भाजीबरोबर नेहमीची पोळी. दोन तासांनंतरचा आकडा १८०च्या खाली राहावा, हे बहुतेकांसाठीचं लक्ष्य. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर ते धरा.

आता आहारपद्धती

वजन उतरवण्याच्या पद्धतींची तुलना करताना मी प्रत्येकीला एकच प्रश्न विचारते: या तुकड्याचं तू काय करतेस? उत्तरावरून ती पद्धत तुमच्या घरात किती टिकेल याचा अंदाज येतो.

कीटो म्हणते, नको. दिवसभरात कर्बोदकं २० ते ५० ग्रॅम, त्यात एका तुकड्याने तेरा घेतले तर भाजीला काय उरलं? ही पद्धत मुळात १९२१ साली अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये अपस्माराच्या रुग्णांसाठी पुढे आली. वजनासाठी ती बरीच नंतर गाजली. पहिल्या आठवड्यात काटा झपाट्याने खाली येतो, कारण यकृतातला आणि स्नायूंतला साखरेचा साठा संपताना त्याच्याबरोबरचं पाणीही निघून जातं. ती चरबी नव्हे. साखर मात्र खरोखर उतरते, आणि धोका तिथेच आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना कर्बोदकं एकदम तोडली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर कीटोच्या वाटेला जाऊच नये: रक्तात आम्ल साचतं, आणि मीटरवर साखर फारशी वाढलेली दिसत नसल्याने घरात कुणाच्या लक्षात येत नाही. मळमळ, पोटदुखी, धाप लागणं अशी लक्षणं दिसली तर थेट रुग्णालय गाठायचं. शाकाहारी मराठी घरात कीटो म्हणजे पनीर, पनीर आणि पुन्हा पनीर, हा वेगळाच कंटाळा.

सौम्य लो-कार्ब, म्हणजे दिवसाला शंभर-एकशेतीस ग्रॅमपर्यंत, या तुकड्याला सहज जागा देते. आणि लो-फॅटशी तिची तुलना केली तर? स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६०९ माणसं होती, निम्मी लो-फॅटवर, निम्मी लो-कार्बवर. वर्षभराने पहिल्या गटाचं वजन सरासरी ५.३ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. दोन्ही गटांना साखर, मैदा आणि पाकिटबंद खाणं कमी करून भाज्या वाढवायला सांगितलं होतं. मला वाटतं खरं काम तिथे झालं. गटांच्या आत मात्र प्रचंड फरक होता. कुणाचं वजन भरपूर उतरलं, कुणाचं चक्क वाढलं.

मेडिटरेनियन पद्धत तुकड्याला प्रेमाने बसवून घेते, कारण सुकामेवा, डाळी, मासे, भाज्या आणि तेल हाच तिचा पाया. स्पेनमधल्या सुमारे ७,४०० लोकांच्या मोठ्या अभ्यासात (२०१३, पद्धतीतल्या त्रुटींमुळे मागे घेऊन २०१८ मध्ये दुरुस्तीसह पुन्हा प्रसिद्ध) पक्षाघात आणि हृदयविकार कमी दिसले. पण तो वजन उतरवण्याचा प्रयोग नव्हता. वजनासाठी या पद्धतीतही तेल चमच्याने मोजावं लागतं. महागड्या ऑलिव्ह तेलावाचून अडून बसू नका. उसळ, पालेभाजी, बांगडा आणि बेताचं शेंगदाणा तेल हे कोकणातलं जेवण त्याच कुळातलं आहे.

डॅश पद्धत रक्तदाबासाठी. रक्तदाबही असेल तर याच ब्रेडमधलं मीठ निम्मं करा आणि पुढे चला.

मग येतो उपास. १६:८ म्हणजे आठ तासांत खाणं, सोळा तास नाही. महाराष्ट्रात हा विषय निघाला की 'दीक्षित की दिवेकर' हा वाद टळत नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात: भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांत जेवण उरका, आणि पंचेचाळीस मिनिटं चाला. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचा भर घरच्या, स्थानिक, हंगामी जेवणावर. तूप-भाताला घाबरू नका, उपाशी राहू नका. दोन्हीकडे हा तुकडा चालतो. एकीकडे तो जेवणातच मोजायचा, दुसरीकडे मधल्या वेळचं खाणं म्हणूनही बसेल. माझं मत विचाराल तर दोन्हींचा अर्धा फायदा चहाबरोबरची बिस्किटं, फरसाण आणि रात्री अकराचं खाणं सुटण्यातून येतो. चीनमधल्या ग्वांगझू इथे १३९ लठ्ठ व्यक्तींवर केलेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दोन्ही गटांच्या कॅलरी सारख्याच कमी केल्या आणि एका गटाला वेळेचंही बंधन घातलं. वर्षअखेरीस वजनात लक्षणीय फरक दिसला नाही. तेव्हा घड्याळ तुम्हाला कमी खायला मदत करत असेल तर वापरा, पण त्यात वेगळी जादू नाही. साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांकडून मात्रा बदलून घेतल्याशिवाय कुठलाही लांब उपास सुरू करू नये. एकादशी आणि चतुर्थीलाही हेच लागू, आणि साबुदाण्याच्या खिचडीबद्दल इथे बोलायलाच नको.

सगळ्यात कडक ती अतिकमी कॅलरींची पद्धत. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' प्रयोगात टाइप २ मधुमेहींना तीन ते पाच महिने दिवसाला फक्त ८२५ ते ८५३ कॅलरी दिल्या, पेय आणि सूपच्या रूपात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. वर्षभराने ४६ टक्के लोकांचा मधुमेह गोळ्यांशिवाय आटोक्यात होता, आणि ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलं त्यांच्यात ८६ टक्क्यांचा. दोन वर्षांनी एकूण आकडा ३६ टक्क्यांवर आला. तुकड्याला इथे पहिले काही महिने प्रवेश नाही. हे घरी स्वतःच्या मनाने करायचं काम नव्हे, पण मधुमेह नवा असेल तर डॉक्टरांशी जरूर बोलून बघा.

निवड कशी करायची

वजनकाट्याबरोबर मोजपट्टी घ्या. भारतीयांसाठी बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणाऱ्या आकड्याचा, इशारा २३पासून सुरू होतो. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर काटा काहीही सांगो, काम आहे.

मग तीन दिवस, त्यातला एक रविवार, जे खाल ते लिहा. कुठे घसरण होते ते दिसेल. संध्याकाळी पाच ते सातमध्ये घसरत असाल तर वेळेचं बंधन कामाला येईल. दुपारच्या ताटात भात आणि पोळ्या मिळून सहा-सात वाढप होत असतील तर सौम्य लो-कार्ब. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवणारी कुठलीही पद्धत डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि ब्रेडमधल्या बदामांबद्दलही तेव्हाच विचारा. निवडलेली पद्धत बारा आठवडे चालवा आणि मग एचबीए१सी करा. ती तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, त्यामुळे महिन्याभरात करून काही कळत नाही. वजन पाच ते दहा टक्के उतरलं तरी साखरेवर फरक दिसू लागतो. ऐंशी किलोच्या माणसासाठी ते चार ते आठ किलो होतात.

खाणं कमी केल्याच्या पहिल्या काही आठवड्यांत खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मीटरवर ७०च्या खाली आकडा दिसला तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन-चार लहान चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, आकडा वर आला नसेल तर पुन्हा तेच. अशा वेळी हा कॉर्नब्रेड कामाचा नाही. त्यातले बदाम आणि तूप साखर रक्तात लवकर पोचू देत नाहीत. तो खायचा आकडा ७०च्या वर येऊन स्थिरावल्यानंतर, पुढचं जेवण दूर असेल तर.